गेझा हालमोशची हुर्यो

गेझा हालमोशला देवानं दोनच गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या. एक छाती आणि दुसरी आशा. बाकी सगळं बेताचंच. उंची बेताची, पगार बेताचा, केस तर चाळिशीतच निरोप घेऊन गेलेले. काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभं आयुष्य गेलं, तिथंच दोन्ही गुडघे गेले, मग बायको मार्गित गेली. आशा तेवढी हलायला तयार नाही. कसली आशा, असं आमच्या पूर्व टोलेडोत कुणी विचारत नाही. इथं आशा एकाच गोष्टीची असते, काचवाल्यांची.

काचवाले म्हणजे आमची फुटबॉलची टीम, चेंडू हातात धरून एकमेकांच्या अंगावर धडकायचं त्या अमेरिकन फुटबॉलची. गाव काचेचं, म्हणून टीमचं नाव काचवाले. ज्या शहाण्यानं हे नाव ठेवलं त्यानं पुढचा विचार केला नव्हता. डेट्रॉइटची माणसं नाव ऐकूनच हसायला लागतात, आणि फुटणं, तडकणं, चुरा होणं यावरचे सगळे विनोद आमच्या कानांवर पडून पडून गुळगुळीत झालेत. विनोदाचा राग तरी कुठल्या तोंडानं करायचा? टीम खरोखरच दर रविवारी फुटते.

ह्या खेळाच्या कारभारात एक दयेची जागा आहे. जी टीम वर्षभर जास्त मार खाते, तिला एप्रिलात कॉलेजातल्या पोरांमधून खेळाडू निवडताना आधीचा नंबर मिळतो. ह्याला ड्राफ्ट म्हणतात, आणि ज्या टीमनं नाव घेतलं तिच्याकडेच पोरानं जायचं. बाकीच्या गावांना तो एक कार्यक्रम असतो, आम्हाला सण. आमचा हंगाम ऑक्टोबरातच आटोपल्यात जमा असतो, मग पुढं माणसानं जगायचं कशावर? म्हणून नोव्हेंबर लागला की आमच्याकडे भली भली माणसं चर्चमध्ये मेणबत्ती लावतात, ती टीमनं उरलेले सामने हरावेत म्हणून. जितकं हराल तितका नंबर वर सरकतो. आपलीच टीम हरावी म्हणून देव पाण्यात घालून बसणारी माणसं जगात आणखी कुठं असतील तर मला पत्ता द्या, मी जाऊन त्यांच्या गळ्यात पडेन.

ड्राफ्टची संध्याकाळ गेझाच्या गॅरेजात साजरी व्हायची. गाडी रस्त्यावर काढायची, टीव्ही आत आणायचा, आणि शेजारचा अर्नी फेकेटे दारात शेगडी पेटवून कोलबास, म्हणजे आमचे हंगेरियन सॉसेज, भाजायला बसायचा. टीव्हीवर काचवाल्यांनी निवडलेल्या पोराचं नाव आलं रे आलं की सगळं गॅरेज एका सुरात त्याची हुर्यो उडवायचं. पोरगा कुणी का असेना. आमचे मॅनेजर लोक चुकीचाच पोरगा उचलणार, ह्याबद्दल गावात दुमत नाही. पण गेझाची हुर्यो म्हणजे निराळंच प्रकरण. दोन्ही तळवे तोंडाशी धरून, पोटातून काढलेली, लांब आणि खालच्या पट्टीतली. बंदरात जहाजाचा भोंगा वाजतो तशी. स्टेडियमात चाळिसाव्या रांगेतून ती थेट मैदानावर पोचायची. अर्नी म्हणायचा, "गेझ्या, तुझ्या हुर्योनं दोन कोच गाव सोडून गेले, तिसऱ्याला बहिरेपणा आला म्हणून टिकला."

कोच गेले त्याचं कुणाला सुतक नाही. खरे मेले ते क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा पोरगा, सगळा खेळ ज्याच्या हातावर चालतो तो. टीम तरली तर त्यानं तारली, बुडाली तर त्यानंच बुडवली. आमच्या टीमनं पंचवीसेक वर्षांत असे सात आणले, सातही कॉलेजातले हिरो. त्यांना सांभाळायला पुढं धिप्पाड माणसांची जी फळी लागते ती मात्र आमच्याकडे कायमची चाळण. मग काय व्हायचं? एकाचा गुडघा गेला. एकाचा खांदा. एकाच्या डोक्याला इतके मार बसले की तो आता बहिणीकडे पडदे ओढून बसतो, त्याला उजेड सोसत नाही. एक अंगानं धडधाकट होता, पण लोकांनी त्याला इतकं टोचून खाल्लं की एका रविवारी तो मैदानावर आलाच नाही, बाहेर गाडीतच बसून राहिला. ह्या सातांना गावानं पहिल्या वर्षी डोक्यावर घेतलं आणि पुढच्या वर्षी त्यांचीच हुर्यो उडवली. गेझा दोन्ही कामांत पुढं होता. भट्टीतून काढलेली काच हळूहळू निवू द्यावी लागते, घाई केली तर तडकते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण कारखान्यातली अक्कल रविवारी स्टेडियमात कोण घेऊन जातो.

आणि मग आठवा निघाला तो गेझाच्या घरातूनच.

वेस्ली, म्हणजे वेस, हा गेझाच्या एकुलत्या एक लेकीचा, इलोनाचा मुलगा. पोर चालायला लागायच्या आत बाप ॲरिझोनाला चालता झाला, तेव्हा त्याला वाढवलं इलोनानं आणि गेझानं. इलोना हॉस्पिटलात हाडांच्या विभागात नर्स, तिच्या ड्यूट्या वेळी-अवेळी, त्यामुळे पोरगं आजोबांच्या गॅरेजातच मोठं झालं. पाच वर्षांचा असताना बिअरच्या खोक्यावर उभा राहून, तोंडाशी हात धरून, आजोबांसारखी हुर्यो करायचा आणि सगळे हसून हसून लोळायचे. चेंडू कसा धरायचा ते गेझानं दाखवलं. कसा फेकायचा ते पोरानं आपलं आपण शोधलं, आणि असं शोधलं की यंदाच्या हिवाळ्यात टीव्हीवरचे पंडित बोलायला लागले, देशातला सगळ्यात चांगला हात ह्या पोराचा. त्याच हिवाळ्यात आमच्या काचवाल्यांनी असा काही मार खाल्ला की ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर पटकावला.

मग गावाला काय व्हायचं ते झालं. न्हाव्यानं गेझाकडून पैसे घ्यायचं बंद केलं, मुळात कापायला केस नव्हते तरी. चर्चच्या पायरीवर बाया त्याचा हात हातात धरून डोळे पुसायच्या. अर्नी तर लहान मुलासारखा रडला. "मरायच्या आधी टीम जिंकलेली बघायला मिळणार रे, गेझ्या. आणि तेही आपल्या पोराच्या हातून."

गेझाही हुरळला, खोटं कशाला बोला. रस्त्यानं चालताना त्याचे गुडघे दुखेनासे झाले होते.

असंच एका शनिवारी इलोना आली. अंगातला कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"पपा, मी वेसच्या एजंटशी बोलले. तो म्हणतो, पोरानं आत्ताच खणखणीत सांगितलं की मी टोलेडोला येणार नाही, तर टीम शक्यतो वाटेला जात नाही. रुसलेला क्वार्टरबॅक घेऊन त्यांनी करायचं काय?"

"येणार नाही?" गेझाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "आपल्या टीमला?"

"हो, आपल्या टीमला. सातव्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ड्यूटीवर होते. एवढा सहा फुटी पोरगा आईला हाका मारत होता. तुम्ही कुठं होतात त्या रविवारी?"

तो कुठं होता हे तिला चांगलं ठाऊक होतं. गेझा टेबलावरचं मेणकापड हातानं सारखं करत बसला.

"त्याला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, पपा. बरं झालं, कटकट गेली म्हणून."

"मी नाही वाजवल्या."

"नाही वाजवल्या. पण त्याच्याआधी तासभर काय करत होतात?"

इलोना खुर्ची ओढून बसली आणि तिचा आवाज उतरला. "मी सांगितलं तर तो हसतो. म्हणतो, आयांचं काय, त्यांना सायकलचीसुद्धा भीती वाटते. तो ऐकेल तर फक्त तुमचं. तुम्ही त्याला सांगा, येऊ नकोस म्हणून. माझ्याकडे एकच पोर आहे, पपा."

"सांगतो."

"आईची शपथ घ्या."

"मार्गितची शपथ. सांगतो."

आणि सांगायचं त्याच्या मनात होतं, ह्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. त्या शनिवारनंतर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. जेवायला बसला की त्याला ते सात आठवायचे, एकामागून एक, नावानिशी. आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याला वेसचं डोकं दिसायचं. ज्या टीमसाठी जन्मभर घसा फोडला तिची आता त्याला भीती वाटायला लागली. दाढी करताना आरशात बघून तो घोकायचा, "वेस, येऊ नकोस. वेस, येऊ नकोस." हे काय वाक्य आहे? शाळेतलं पोरसुद्धा पाठ करेल.

ईस्टरच्या सोमवारी वेस आला. आमच्या हंगेरियन वस्तीत त्या दिवशी पुरुष बायकांच्या अंगावर पाणी शिंपडतात, तसं त्यानं आल्या आल्या आईच्या केसांवर अत्तराचं पाणी शिंपडलं आणि तिनं ओरडून त्याला रंगवलेलं अंडं दिलं. मग ती हॅम कापायला बसली आणि बापाकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, आता. गेझा पोराला घेऊन मागच्या पायरीवर गेला.

विषय काढायची वेळच आली नाही. पोरानंच काढला.

"आजोबा, खरं सांगा, मी काय करू? आई म्हणते येऊ नको. एजंटला मी थांबवून धरलंय. तुम्ही म्हणाल तसं करायचं ठरवलंय मी."

इतका सरळ प्रश्न. उत्तर जिभेवर तयार. गेझानं तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून काय निघावं?

"नवा कोच बरा आहे म्हणतात."

"हो?" वेस हसला.

"फळीतही दोन दांडगे गडी आणलेत. अर्नी म्हणतो, आता पहिल्यासारखं नाही राहिलं. ह्या वेळी, कोण जाणे, ह्या वेळी जमेलही."

झालं. जित्याची खोड. आमच्या गावात माणसाची दारू सुटते, सिगारेट सुटते, बायकोसुद्धा सुटते, पण "ह्या वेळी" सुटत नाही. वेसनं आजोबांकडे जरा वेळ पाहिलं, मग त्यांच्या खांद्याभोवती तो लाखमोलाचा हात टाकला आणि म्हणाला, "कळलं, आजोबा." गेझाला म्हणायचं होतं, थांब, बस खाली, काय कळलं तुला? पण पोरगा उठून हॅम खायला आत गेलासुद्धा.

निघताना इलोनानं दारात विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं," गेझा म्हणाला.

तिनं त्याचा गाल दाबला आणि गाडीत बसली. जाताना काच खाली करून तिनं हातही हलवला.

पुढचे आठवडे गेझानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. फोन करून पोराला खरं सांगणं हा सरळ मार्ग होता. त्यानं फोन केलेही. वेस कुठं कुठं चाचण्या देत हिंडत होता, उचलायचा तेव्हा घाईत असायचा, आणि गेझा विचारायचा, जेवलास का, थंडी आहे का तिकडे. खरं बोलायचं तर लेकीशी केलेलं खोटं उघडं पडणार. आणि मनाचा एक कोपरा, मेला कोपरा, अजूनही स्टेडियम भरलेलं बघत होता आणि मधोमध त्याचा वेस. त्या कोपऱ्याला गेझा शिव्या घालायचा. कोपरा ऐकत नव्हता.

मग त्यानं आडमार्ग धरले. वेसच्या ऐवजी टीमनं आयोवाच्या एका आडदांड गड्याला घ्यावं, फळीतला, तीन माणसांचा ऐवज, असा प्रचार त्यानं वस्तीतल्या क्लबात सुरू केला. "आधी भिंत बांधा, मग खिडक्या बसवा," असं तो बिअर कोमट होईस्तोवर समजावून सांगायचा. लोकांना वाटायचं, लाजतोय. "काय हा विनय," म्हणून ते त्याच्या पाठीवर थापा मारायचे.

एक दिवस तर त्यानं कमाल केली. आमच्या रेडिओवर दुपारी खेळाचा कार्यक्रम असतो, त्यात लोक फोन करून टीमच्या नावानं बोटं मोडतात. गेझानं तोंडावर टॉवेल धरून, आवाज बदलून फोन लावला आणि सांगितलं, की तो वेस्ली काही कामाचा नाही. खांदा कच्चा आहे. घाबरट आहे. काळीजही जरा तसंच. आपल्या टीमनं त्याला मुळीच घेऊ नये. संध्याकाळी अर्नी लालबुंद होऊन कुंपणाशी आला.

"ऐकलंस का तू? कुणीतरी मेल्यानं आपल्या पोराला नावं ठेवली रेडिओवर. डेट्रॉइटचाच असणार. समोर आला ना तर दात घशात घालीन त्याचे."

"असतात अशी माणसं," गेझा म्हणाला आणि घरात जाऊन अंधारात बसला.

आता एकच आशा उरली होती. पहिला नंबर ज्या टीमचा होता ते दक्षिणेकडचं समुद्राकाठचं गाव, पैसेवालं, फळी दगडासारखी, आणि त्यांचा क्वार्टरबॅक म्हातारा झालेला. त्यांनी वेसला उचललं की सुटलो. सगळ्या पूर्व टोलेडोनं त्या गावाला शिव्या घातल्या आणि एकट्या गेझानं चर्चमध्ये त्याच गावाच्या नावानं मेणबत्ती लावली.

ड्राफ्टच्या दिवशी इलोना आणि वेस दूर तिकडे, जिथं समारंभ होता त्या मोठ्या सभागृहात होते. गेझाचे गुडघे विमानात दुमडत नाहीत. शिवाय आमच्या गावच्या चॅनेलला तो गॅरेजातच हवा होता. आजोबांचा आनंद थेट सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर दाखवणार, असं ती चॅनेलची मुलगी सांगून गेली होती. गॅरेज खच्चून भरलं. अर्नीनं धुतलेला शर्ट घातला होता. कॅमेरा, त्याचा तो पांढरा दिवा, आणि दिव्यासमोर खुर्चीत गेझा, नव्या नवरीसारखा बसवलेला.

पहिलं नाव आलं. समुद्राकाठच्या गावानं एक चपळ, धावणारा पोरगा घेतला.

गॅरेजचं छप्पर उडतंय की काय असा आरडाओरडा झाला. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आता काचवाल्यांची पाळी, आणि विचार करायला दहा मिनिटं. मध्येच टीव्हीवरचा माणूस म्हणाला की टोलेडो आपला नंबर दुसऱ्या टीमला देऊन टाकणार अशी कुजबुज आहे, आणि गॅरेजात एकदम सन्नाटा पसरला. गेझा खुर्चीच्या कडेवर आला. त्याचे ओठ हलायला लागले. "द्या रे. देऊन टाका. देवा, त्यांना बुद्धी दे."

"काय पुटपुटतोस?" अर्नीनं विचारलं.

"प्रार्थना."

"कर, कर. आम्ही पण करतोय."

मग पडद्यावर टीमचं ऑफिस दिसलं. मोठमोठी टेबलं, टायवाली माणसं, मधोमध मॅनेजर, ज्यानं सातव्यालाही आणलं होतं, आणि तो उठून सगळ्यांशी हात मिळवत होता, एखाद्या कार्यातल्या यजमानासारखा. निवेदकानं कागद उघडला आणि नाव वाचलं. टोलेडो काचवाले, क्वार्टरबॅक, वेस्ली.

गॅरेजात काय झालं ते गेझाला कळलं नाही. त्याला दिसत होता फक्त तो मॅनेजर, दात दाखवणारा. इतक्या आठवड्यांची भीती, केलेलं खोटं, रेडिओवरची ती नालायक बडबड, सगळं एकदम छातीत वर आलं. गेझा उठला. दोन्ही तळवे तोंडाशी गेले. आणि त्यानं हुर्यो केली. पोटातून, जीव तोडून, जन्मात कधी केली नव्हती अशी. आनंदानं ओरडणाऱ्या चाळीस माणसांच्या आवाजावर ती चढली, आणि एकेक माणूस गप्प होत गेला तरी ती चालूच राहिली.

टीव्हीवर घडलेलं जरा उशिरा दिसतं. त्यामुळे गेझाचा श्वास संपून हात खाली आले तेव्हा कुठं त्यानं स्वतःला बघितलं. सभागृहाच्या भिंतीएवढ्या पडद्यावर एक टकला म्हातारा, मानेच्या शिरा फुगलेल्या, हुर्यो उडवतोय. खाली व्यासपीठावर वेस उभा होता, डोक्यावर काचवाल्यांची टोपी, मान वर करून आजोबांकडे बघत. तो हसतच वर बघायला लागला होता. हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तिथंच राहिलं.

सभागृह खो खो हसलं. चॅनेलच्या मुलीला अर्नी घाईघाईनं समजावून सांगायला लागला, "आमच्याकडे रीतच आहे ही. देवाघरचा पोरगा आला तरी आम्ही हुर्यो करतो. प्रेमाची हुर्यो आहे." ती लिहून घेत होती. कुणीतरी आणलेल्या केकवर मेणबत्ती पेटवली, कुणीतरी गेझाच्या हातात बिअर दिली, आणि लोकांनी पुन्हा गाणी सुरू केली. गेझा कुणाकडे बघत नव्हता.

थोड्या वेळानं घरातला फोन वाजला. गेझा लंगडत स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"आजोबा," वेस म्हणाला. "इथं सगळे हसले. मीही हसलो. पत्रकारांना सांगितलं, आमच्या घरची पद्धत आहे म्हणून."

"बरं केलंस."

"पण मी लहानपणापासून ऐकतोय हो तुम्हाला. गमतीची कुठली आणि खरी कुठली, मला कळत नाही का?"

गेझानं भिंतीला हात टेकला. "तुला नव्हती रे ती. देवाशपथ तुला नव्हती. त्यांना होती. त्या टीमला."

"त्या टीमला म्हणजे आता मलाच की, आजोबा."

बाहेर लोक अर्नीला कोलबास मागत होते.

"मी यायला नको होतं का?" पोरानं विचारलं.

"नको होतं."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? मला वाटलं, आजोबांनी सगळा जन्म वाट बघितली, आपणच तोंड फिरवलं तर त्यांनी कुणाकडे बघायचं? तुमच्यासाठी हो म्हटलं मी."

"मला तू हवा होतास," गेझा म्हणाला. त्याचा आवाज आता उरलाच नव्हता, सगळा गॅरेजात खर्च झाला होता. "तू धडधाकटही हवा होतास आणि इथंही हवा होतास. दोन्ही हवं होतं रे मला. माझी चूक झाली."

पलीकडे कपड्यांची सळसळ झाली, फोन ह्या हातातून त्या हातात गेला.

"पपा." इलोना होती. ती शेजारीच उभी असणार, सगळं ऐकत. ती ओरडेल असं त्याला वाटलं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली, हॉस्पिटलात नातेवाइकांशी बोलते तशी. "सांगितलं म्हणाला होतात तुम्ही."

"इलोना, ऐक—"

"ते राहू दे आता. सप्टेंबरपासून प्रत्येक रविवारी मी स्टेडियमात येणार आहे. ड्यूटी बदलून घेईन. मला खुर्ची जिन्याला लागून हवी. तो पडला तर मला लोकांच्या पायांतून वाट काढत बसायला वेळ नाही मिळणार."

आमच्या रांगेत जिन्याला लागून खुर्ची एकच, आणि इतकी वर्षं ती गेझाची होती.

"माझी घे," तो म्हणाला.